तात्या सोनार आणि चिखलातलं लाकूड

तात्या सोनारांच्या दुकानात शिरताना खांद्यावरचं उपरणं घट्ट धरून ठेवा, असं कर्जतच्या बाजारात जुने लोक नव्या लोकांना सांगायचे. चोरीची भीती नव्हती. तात्या गप्पा मारता मारता उपरण्याची एक दशी उपटायचे, शेगडीतल्या निखाऱ्यावर धरायचे, नाकाशी न्यायचे आणि समोरच्याच्या तोंडावर सांगायचे, "रेशीम नाही हो. फसलात."

गिऱ्हाईक चिडलं की तात्यांनाच नवल वाटायचं. "माझ्यावर कशाला रागावता? मी कुठं काय बोललो? आगीला विचारलं, ती बोलली."

जगातली कुठलीही वस्तू आगीला विचारल्याशिवाय खरी की खोटी ते कळत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. सोनं मुशीत घालून विचारायचं, ठीक आहे, तो त्यांचा धंदाच. पण तात्या तेवढ्यावर थांबते तर मी हे लिहायला बसले नसते. काबुल्याचा हिंग ते पेटवून बघत. नवं तूप वातीवर घालून बघत. एकदा देवळातून आलेला अंगाराही त्यांनी चिमूटभर निखाऱ्यावर टाकला आणि म्हणाले, "याला आधीच कुणीतरी विचारलंय." मी मास्तरीण होऊन आले तेव्हा माझं सर्टिफिकेट त्यांनी इतक्या कौतुकानं हातात धरलं, की मी ते झडप घालून परत घेतलं. त्यांचं कौतुक कधी शेगडीकडे वळेल याचा नेम नव्हता.

या आगीनं घेतलेला सगळ्यात मोठा बळी म्हणजे काकूंची बुगडी. काकू म्हणजे तात्यांच्या पत्नी. बुगड्या कानाच्या वरच्या पाळीत घालतात आणि त्या दोन असतात, हे मी बायकांना सांगायला नको. काकूंच्या उजव्या कानात तेवढी बुगडी होती. डावा कान मोकळा. "दुसरी यांनी आगीला विचारली!" असं काकू विहिरीवर, भाजीवालीपाशी, आल्यागेल्यापाशी ठसक्यात सांगायच्या. "सोनाराची बायको मी, आणि माझ्या कानात एक बुगडी! हसा मेल्यांनो, हसा." लोकही पोटभर हसत. तात्या एरवी दहा गावांशी भांडतील, पण बुगडीचा विषय निघाला की फुंकणी तोंडात धरीत आणि निखारा फुलवत बसत. तोंडात फुंकणी असली की बोलावं लागत नाही, हा सोनारकीतला मोठाच फायदा.

आता मी कोण ते सांगते. मी द्वारका. माझं माहेर तात्यांच्या दुकानाला लागून. मी बारा दिवसांची असताना माझे कान तात्यांनीच टोचले. सोनारानं कान टोचले म्हणजे दुखत नाही म्हणतात, पण आई सांगायची, की मी बाजार डोक्यावर घेतला होता. अकराव्या वर्षी माझं लग्न झालं, तेव्हा मंगळसूत्राच्या वाट्या तात्यांनीच घडवल्या. दोन वाट्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची. माहेरची वाटी बाबांनी मोठ्या हौसेनं करून घेतली होती. मला ती चावायची खोड लागली. खालापूरला सासरी नांदायला गेले तेव्हा माजघरात कोपऱ्यात बसून आईची आठवण आली की वाटी दाताखाली धरायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, मंगळसूत्र आहे ते, चिंच नव्हे!" पुढे त्या वाटीच्या काठावर माझ्या दाताचा खळगाच पडला.

जर्मनची लढाई संपत आली आणि मानमोडीच्या तापाची साथ आली. त्या साथीत माझे यजमान तीन दिवसांत गेले. तेव्हा मी सतरा वर्षांची. बाबाही त्याच साथीत गेले. यापुढचं फार सांगत नाही. कपाळ, हात, गळा, सगळं मोकळं झालं. मंगळसूत्राचं सोनं सासऱ्यांनी कर्जतला नेऊन आटवलं, एवढं कानावर आलं. आईनं हट्टानं मला पुण्याला शिकायला पाठवलं, आणि तीन वर्षांनी मी कर्जतच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन परतले. शाळा तात्यांच्या दुकानासमोर. शिकवताना माझा हात आपोआप गळ्याशी जायचा, काहीतरी शोधायचा आणि रिकामा परत यायचा. मला वाटायचं, हे कुणाच्या लक्षात येत नसेल.

असो. हे तात्यांचं चित्र आहे, माझं नव्हे.

तात्यांच्या दुकानाच्या डाव्या अंगाला सुताराचं दुकान होतं, आणि सुतार ही जात तात्यांच्या लेखी अगदीच बापुडवाणी. "लाकडाला काय विचारायचं? त्याला ना सोयर, ना सुतक. आगीत घातलं की राख. संपलं!" सुतार रंधा मारता मारता उत्तर देई, "तात्या, तुमाला आगीपर्यंत नेणारी तिरडी लाकडाचीच असणार बरं का." यावर दोघंही खूष होत आणि एकमेकांची तंबाखू खात.

तर एका माघातली गोष्ट. घाट चढायला गाड्यांना मागून जास्तीची इंजिनं लावतात, ती कर्जतला. त्यामुळे स्टेशनाच्या पलीकडे गोऱ्या ड्रायव्हरांची घरं होती. त्यांतल्या एकाची बायको, डोलनबाई, छत्री टेकत तात्यांच्या दुकानात आली. तात्यांनी तिला बघितलं आणि रस्त्यापलीकडून मला हाक मारली, "मास्तरीणबाई, धावा! सरकार आलंय!"

मी पाढे म्हणायला लावून गेले. बाई सरकार वगैरे काही नव्हती. साठीची, पांढऱ्या केसांची, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. पहिल्या वाक्यालाच तिनं मला बजावलं, की ती इंग्लिश नाही, आयरिश आहे. मी तात्यांना ते सांगितलं. तात्यांनी मान डोलावली. "समजलं. खालापूरकराला कर्जतकर म्हटलं की राग येतो, तसं."

बाईनं रुमालातून एक पदकासारखी वस्तू काढली. काळीभोर, तळहाताच्या खळग्यात मावणारी, गळ्याशी कापडाला टोचायची. वर तीन पानं कोरलेली. मागे काचेखाली पांढऱ्या केसांची एक बट. "माझ्या आईचे केस," बाई म्हणाली. मागची पिन तुटली होती, ती जोडून हवी होती. पंधरा दिवसांनी नवऱ्याची नोकरी संपत होती, दोघं कायमची आपल्या देशी निघाली होती. पोस्टात जाऊन येते म्हणून बाई गेली.

तात्यांनी वस्तू उलटीसुलटी केली. "काय गं आहे हे, द्वारके?"

मास्तरीण झालं की "माहीत नाही" म्हणायची सवय सुटते. मी ठासून सांगितलं, "काळा दगड. विलायतेत असतो."

तात्यांनी काच आणि केस जपून काढून डबीत ठेवले. देवानं तेवढी बुद्धी दिली. मग जोड बसावा म्हणून पिनेला टाकणखार लावला, शेगडी पुढे ओढली आणि म्हणाले, "जोडायचंच आहे, तर खरा दगड आहे का तेही विचारून घेऊ." आणि फुंकणीनं ज्योत तिच्यावर धरली.

दगडातून धूर निघाला.

मी बघतच राहिले. तात्यांच्या तोंडातून फुंकणी गळून पडली. शिमग्याला होळीशेजारी उभं राहिल्यावर येतो तसा वास दुकानात भरला. तात्यांनी ती वस्तू उघड्या बोटांनी उचलली, पाण्यात टाकली, चर्र झालं. तीन पानांतलं एक पान जळून गेलं होतं आणि मधोमध तडा गेला होता.

"लाकूड होतं," तात्या म्हणाले. त्यांची बोटं भाजली होती, तिकडे लक्षच नव्हतं. "द्वारके, लाकूड होतं गं ते."

सुतार शेजारून डोकावला. एरवी असल्या संधीचं त्यानं सोनं केलं असतं. पण तात्यांचा चेहरा बघून तो मुकाट्यानं आत गेला.

दगड म्हणून मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "तात्या, बाईंना सांगू, की हातातून पडलं." तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बारा दिवसांच्या वयात टोचलेले कान मला तेव्हा दुखले. "वेड लागलंय का तुला? तिच्या आईची वस्तू आहे ती. मी जाळली. मी जाळली असंच सांग, इंग्रजीत."

बाई आली. मी सांगितलं. सांगताना "मी दगड म्हणाले होते" हेही जोडायला लागले, तर तात्या मध्येच गरजले, "तेवढंच सांग म्हटलं ना!" मला इंग्रजी येत होतं आणि तात्यांना येत नव्हतं, तरी मी जास्तीचं बोलतेय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. उभ्या बाजारात, एका गोऱ्या बाईसमोर, जिच्या एका शब्दावर फौजदार येऊ शकला असता. मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

डोलनबाई रागावेल, छत्री उगारेल असं वाटलं होतं. ती मटकन पाटावर बसली. जळकं लाकूड मांडीवर घेऊन हळूहळू बोलायला लागली. तिच्या देशात मैलोन्‌मैल दलदल आहे. हजारो वर्षांपूर्वी त्या चिखलात झाडं गाडली गेली, ती कुजली नाहीत, काळी आणि टणक झाली. गरीब लोक ती खणून काढतात, कोरतात, दागिने करतात. तिची आई गेली तेव्हा हा दागिना केलेला. शोकात हाच घालायचा असतो.

"काय म्हणाली?" तात्या एकदम पुढे सरकले. "शोकात दागिना *घालतात*?"

"हो."

"उतरवत नाहीत?"

मी विचारलं. बाईला प्रश्नच कळेना. माणूस जातं तेव्हाच तर काहीतरी गळ्याशी धरायला हवं असतं, ती म्हणाली.

मी हे मराठीत सांगितलं. हात गळ्याशी गेला होता. तात्या माझ्याकडे बघत नव्हते, शेगडीकडे बघत होते. मग ते घसा खाकरून म्हणाले, "बाईंना सांग, गाडीत बसायच्या आत त्यांच्या आईला नवं घर देतो. तसल्याच लाकडाचं."

"तात्या, ते लाकूड सातासमुद्रापलीकडे मिळतं!"

"चिखलात मिळतं म्हणाली ना? मग आपल्याकडे चिखलाचा तोटा आहे का?"

झालं! दुसऱ्या दिवशी तात्यांनी बाजारभर सांगितलं, की जुनं, काळं, चिखलात गाडलेलं लाकूड आणील त्याला चांदीची अंगठी. मग काय विचारता! कुंभिवलीहून एकजण गाडीचा मोडका आस घेऊन आला. कुणी म्हशीचं शिंग आणलं, म्हणे काळं तर आहे. एकानं पाळण्याचा पाय आणला, त्याच्यामागून त्याची बायको रडतं पोर कडेवर घेऊन आली आणि पाय परत घेऊन गेली. दुकान वखारीसारखं दिसायला लागलं. सुताराला तर दिवाळी. येणाऱ्याला तो सांगे, "सोनं पाहिजे तर माझ्याकडं या, लाकूड तात्यांकडं."

सहा दिवस गेले. तात्यांचं जेवण उडालं. काकू म्हणाल्या, "एवढं माझ्या बुगडीसाठी केलं असतं तर!" त्या दिवशी तात्यांनी फुंकणीसुद्धा तोंडात धरली नाही.

सातव्या दिवशी कळंबच्या वरच्या ठाकरवाडीचा बारकू मध विकायला आला. त्यानं ढिगाकडे पाहिलं.

"तात्या, काळं लाकूड तर आमच्याकडं हाय. नदीच्या दरडीखाली, चिखलात. पर तुमच्या कामाचं नाय."

"का रं?"

"धड जळत नाय त्ये. म्हनून तर आमी कदी आनलं नाय."

तात्या उठून उभे राहिले. "किती जुनं असेल?"

बारकूनं बराच वेळ विचार केला. "माज्या आज्याचा आजा त्याच्यावर बसून मासं धरायचा. तवा बी जुनंच व्हतं म्हनं."

रविवारी बैलगाडी केली. तात्या, मी, आणि मला सोबत म्हणून काकू. काकूंनी दशम्या, चटणी आणि नवऱ्याबद्दलच्या तक्रारी असं सगळं बरोबर घेतलं होतं. कळंब येईतो दशम्या संपल्या, तक्रारी पुरून उरल्या. पुढे पायवाट. नदी आटून डोहापुरती उरली होती. दरड कोसळली होती तिथं काळ्या चिखलातून एक भलं मोठं खोड बाहेर आलं होतं. बारकूनं कोयता मारला तर टण्णकन वाजलं. दोघा पोक्त ठाकरांनी मिळून दुपारपर्यंत हातभर तुकडा तोडला. आत शाईसारखा काळा.

तात्यांनी एक ढलपी उचलली. सवयीनं कनवटीची काडेपेटी काढली, काडी ओढली, ढलपीजवळ नेली. आम्ही सगळे बघत होतो. काडी जळत जळत बोटांशी आली, त्या भाजलेल्या बोटांशीच, आणि तात्यांनी ती पाण्यात टाकली.

"विचारत नाही का?" काकूंनी विचारलं.

"नको. एकदा विचारलं, तर बाईच्या आईला चटका बसला."

इतक्या वर्षांत आगीला न विचारता त्यांनी एखादी गोष्ट खरी मानलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. निदान मला तसं वाटलं.

लाकूड मिळालं म्हणजे दागिना झाला असं नाही. पहिला तुकडा तात्यांनी उन्हात वाळवला, संध्याकाळपर्यंत तो उभा चिरला. दुसरा शेगडीशेजारी ठेवला, त्याचे चार झाले. राहिले पाच दिवस. तेव्हा काकू पुढे झाल्या. "पापड आहे का तो उन्हात टाकायला? लोणचं मुरतं तसं मुरू दे त्याला." त्यांनी तिसरा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून भाताच्या तुसात पुरला आणि रोज फडकं थोडं थोडं कोरडं करत नेलं. तुकडा अखंड राहिला. मग तात्या सुताराच्या दारात जाऊन उभे राहिले. "पटाशी दे. आणि कशी धरतात ते दाखव." सुतारानं थट्टा केली नाही. हातात हात धरून दाखवलं. दोन दिवस तात्या त्याच्या ओट्यावर शिकाऊ पोरासारखे बसून होते.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही डोलनबाईच्या घरी गेलो. खोल्या रिकाम्या, ट्रंका बांधलेल्या. तात्यांनी रुमाल सोडला. काळं, तुळतुळीत पदक. मागे काचेखाली आईचे केस जसेच्या तसे. पुढे तीन पानं. बाईनं चष्मा लावला, पुन्हा काढला. मला म्हणाली, "ही आमची पानं नाहीत. आमच्या देशाच्या तिपानी गवताची पानं गोल असतात."

मी निरखून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तात्यांनी सबंध आयुष्यात तीन पानं एकत्र बघितली ती बेलाची. जळक्या तुकड्यावर दोनच उरली होती, तीही करपलेली; तिसरं त्यांनी मनानं लावलं आणि तिन्ही टोकदार, लांबट, साक्षात बेलाची पानं करून ठेवली.

"बेल आहे," तात्या कळवळून म्हणाले. "तीन पानं म्हणजे बेलच की हो. शंकराला वाहतात. आणि लाकूडही इथलंच आहे, तिच्या देशाचं नाही, ते पण सांग. फसवायचं नाही."

मी सांगितलं. बाई हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. तिनं ते गळ्याशी टोचलं. मग जळकं पदक तात्यांच्या हातात ठेवून त्यांची बोटं त्यावर मिटवली. हे तुमच्याकडे असू द्या, म्हणाली. तिची चाळीस वर्षं आपल्या मुलुखात गेली होती आणि आपल्याकडून जाताना तिच्याबरोबर काय गेलं, तर बारकूच्या आज्याच्या आज्याचं बसायचं लाकूड. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर तात्यांना लाकडाचं वेडच लागलं. उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मणी केले, कुड्या केल्या. विकलं काही नाही. सोनाराच्या दुकानात लाकूड घ्यायला कोण जातंय! काकूंची बोंब सुरूच. उपरण्याच्या दश्या मात्र पुन्हा शाबूत राहायला लागल्या.

चैत्रात एका दुपारी शाळा सुटल्यावर तात्यांनी मला बोलावलं. काळ्या गोफात ओवलेलं एक लाकडी पदक पुढे केलं. सुपारीएवढं, साधं, वर काही कोरलेलं नाही.

"घाल."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "तात्या, मला या गावात राहायचंय! पोरींचे आईबाप काय म्हणतील? विधवेनं दागिना—"

"दागिना कुठाय? लाकूड आहे." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "लाकडाला सोयर नाही, सुतक नाही. कोण काय बोलणार? तुळशीची माळ घालतातच ना बायका? रोज समोरून बघतो मी. तुझा हात जातो आणि रिकामा येतो. त्याला काहीतरी सापडू दे."

मी पदक मुठीत धरून घरी आले. चार दिवस ते पदक ट्रंकेत होतं. पाचव्या दिवशी आईच म्हणाली, "घाल गं. लाकूडच तर आहे." मी पदराआड घातलं. वर्गात हात गळ्याशी गेला आणि त्याला काहीतरी सापडलं. फळ्याकडे तोंड करून मी बराच वेळ उगाचच बेरीज पुसत राहिले.

पंधरा दिवसांनी मला कळलं, की पदकाला मागे झाकण आहे. इतकं बेमालूम बसवलेलं, की नख अडकलं म्हणून समजलं. मी ते उघडलं. आत कापसावर सोन्याची वाटी होती. माझी माहेरची वाटी. काठावर माझ्या दाताचा खळगा.

मी तशीच अनवाणी पळत दुकानात गेले. तात्यांनी मला पाहिलं, झाकण उघडं पाहिलं आणि फुंकणी शोधायला लागले. मी ती आधीच उचलून घेतली होती.

"बोला!"

"काय बोलायचं? तुझे सासरे आले, समोर बसले, म्हणाले, माझ्या डोळ्यांदेखत आटवा. सोनाराचा भरवसा कुणाला असतो? सासरची वाटी टाकली मुशीत. ती त्यांची होती. ही हातात घेतली तर दात लागला बोटाला." त्यांनी अंगठा त्या बोटावर फिरवला. "तुझ्या बापानं केलेली, गं. त्याला जाऊन महिना झाला नव्हता. माहेराला कसलं आलंय सुतक? हिला नाही आगीला विचारवलं."

"मग मुशीत काय टाकलंत? सासऱ्यांनी तोलून नेलं असेल!"

तात्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. तिथून काकू पदराला हात पुसत आल्या.

"हे पाणी प्यायचं निमित्त करून आत आले," त्या म्हणाल्या. "नुसती वाटी दाखवली. मी कानातली बुगडी काढून दिली, मोती उपटून. ती मुठीत झाकून बाहेर गेले आणि वाटीऐवजी तीच मुशीत टाकली. सोनार सख्ख्या आईचं सोनं खातो म्हणतात, आणि आमचं हे ध्यान! उभ्या जन्मात एकदाच हातचलाखी केली, तीही घरचं घालून."

"पण काकू, तुम्ही गावभर सांगत होतात—"

"सांगत होते म्हणूनच कुणी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "बुगडी गेली कुठं, याचं उत्तर आधीच दिलेलं बरं. आणि वाटी तुला द्यायची कशी, हे काही केल्या सुचत नव्हतं. नुसती दिली असती तर ट्रंकेत ठेवून रडत बसली असतीस. ती डोलनबाई आली आणि मागच्या बाजूला केस ठेवतात ते यांनी पाहिलं."

मी दोघांच्या पाया पडले. तात्या म्हणाले, "पुरे, पुरे. शाळेची घंटा होईल." शाळा कधीच सुटली होती.

तात्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. आगीपर्यंत सुतारानंच नेलं, आणि तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडला. ते जळकं पदक काकूंनी तात्यांच्या छातीवर ठेवलं होतं.

तात्यांच्या मागे काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र राहिलं नाही. तेराव्याला मंडळी बुगडीही उतरवायला आली, तेव्हा मी मध्ये उभी राहिले. मला त्या घरात बोलायचा काय हक्क, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, आहे. बुगडी राहिली. तात्यांच्या उरलेल्या लाकडातला एक मणी मी स्वतः गोफात ओवून काकूंना घातला.

परवा नवा सोनार आला होता, तात्यांचं दुकान त्यानं घेतलंय. भला मुलगा आहे. काकूंच्या कानाकडे बघून म्हणाला, "आजी, एकच बुगडी कशी? हिच्या जोडीची करून देऊ का?"

मी शेजारीच बसले होते. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "दुसरी आहे माझी. वापरात आहे."